रविवारचा आनंद सोमवारी कुठे जातो?

ताई, सलाम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून त्यातलं थोडक्यात इथे मांडतो. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, चार एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी आणि तूर. घरी यजमान, दोन मुलं, सासूबाई. रविवारी उपासनेत गाताना मन भरून येतं, घरी येईपर्यंत पाय हलके असतात. सोमवारी गटाच्या कर्जाचा हप्ता घ्यायला बाई दारात उभी राहिली की ते सगळं ओसरतं. प्रार्थना सभेत एकीनं तुम्हाला सांगितलं, 'आनंद टिकत नाही म्हणजे विश्वास कमी आहे.' तेव्हापासून बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातलं 'सर्वदा आनंद करा' हे वाचलं की तुम्हाला अपराधी वाटतं. तुम्ही विचारता, टिकणारा आनंद खरंच असतो का, आणि असेल तर चूल, निंदण, पाणी, पोरं यातून तो राखायचा कसा?

असतो, ताई. चाळीस वर्षं या जिल्ह्यात आणि शेजारच्या वाशीम-अमरावतीकडच्या गावांत पाळकाचं काम केलं. तसा आनंद असलेली माणसं मी पाहिली आहेत. फार नाहीत, दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील एवढीच. आणि त्यातली बहुतेक जण रडणारी माणसं होती.

आधी त्या वचनाचं बघू, कारण तेच तुम्हाला टोचतंय. मी शिकलो तेव्हा पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळातच होती, १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. ग्रीकच्या तासाला मला घाम फुटायचा आणि त्यातलं आज फारसं काही उरलेलं नाही. एक गोष्ट मात्र उरली. 'आनंद करा' यातलं 'करा' मूळ भाषेत अनेकवचनी आहे. आपण मराठीत एकट्या माणसालाही मानानं 'बसा', 'जेवा', 'करा' म्हणतो, म्हणून वाचताना वाटतं की पत्र लिहिणारा प्रेषित पौल मला एकटीलाच सांगतोय. तो अख्ख्या मंडळीला सांगतोय. आणि कसल्या मंडळीला? त्याच अध्यायाचं दुसरं वचन वाचा. तिथे दोन बायकांचं बिनसलेलं आहे, आणि पौलानं दोघींची नावं घेतली आहेत. दोघींनी सुवार्तेसाठी त्याच्या बरोबरीनं कष्ट उपसले होते, आता एकमत होत नव्हतं. त्यांना मदत कर म्हणून तो तिसऱ्याला विनवतो, आणि लगेच पुढच्या वचनात म्हणतो, आनंद करा. आपण हे वचन कॅलेंडरवर गुलाबाच्या फुलांखाली छापलेलं पाहतो. मुळात ते भांडण चाललेल्या घरात बोललेलं आहे.

लिहिणारा स्वतः कैदेत होता. सुटेल की मारला जाईल हे त्याला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या अध्यायात तो आजारातून उठलेल्या सोबत्याबद्दल लिहितो, देवानं त्याच्यावर दया केली नसती तर मला दुःखावर दुःख झालं असतं. तिसऱ्यात म्हणतो, हे मी रडत सांगतोय. चारच अध्यायांचं पत्र, त्यात आनंद हा शब्द फिरफिरून येतो, आणि त्यातच हे रडणंही आहे. तुम्हाला विश्वास कमी आहे म्हणणाऱ्या बाईवर राग धरू नका. फक्त एकदा तिच्याजवळ बसून हे दोन अध्याय तिला वाचून दाखवा.

चौथ्या अध्यायात आणखी एक शब्द आहे, त्याच्याकडे आपलं लक्षच जात नाही. पौल म्हणतो, असेल त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. शिकलो, म्हणजे आधी येत नव्हतं. दिमिष्काच्या वाटेवर प्रकाश पडून ख्रिस्त भेटला म्हणून ते एका दिवसात अंगात उतरलं नाही. पोरगं वखर धरायला शिकतं तेव्हा आधी तास वाकडं जातं, बैल वैतागतात, बाप ओरडतो. तसं.

मी स्वतः हे फार उशिरा शिकलो. नवीन पाळक होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. मृग बरा लागला म्हणून लोकांनी सरकी टोबली आणि आर्द्रा कोरड्या गेल्या. दुबार पेरणी झाली, तरी आभाळ तसंच. अशा रविवारी मी आनंदावर पाऊण तास उपदेश केला, तेही घसा ताणून. उपासना सुटल्यावर एक आजी दारात थांबली. माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "पाळकसाहेब, लय चांगलं बोलले. तुमचा पगार झालेला दिसते." पोट्टे फिदीफिदी हसले. मीही हसलो, पण दुपारी घास उतरला नाही. तिचं खरं होतं. महिन्याच्या महिन्याला पगार मिळणारा मी, दोनदा बियाणं मातीत घालून बसलेल्या माणसांना आनंद करा म्हणून बजावत होतो.

पुढे त्या आजीच्या घरी माझं जाणं वाढलं. नवरा ऐन तिशीत गेलेला, एक मुलगा शहरात, एक सून घरी. दुसऱ्याच्या वावरात रोजानं जाऊन तिनं घर ओढलेलं. तिची एक सवय होती. दिवेलागणीला ओसरीवर बसायची आणि प्रभूला दिवसाचं सगळं सांगायची, मोठ्यानं, शेजारणीला ऐकू जाईल असं. "प्रभू, आज मी सुनेले वाकडं बोलली. प्रभू, तुरीच्या शेंगा यंदा भरल्याच नाही, तू पाह्यलं का? प्रभू, गुडघा लय ठणकून राह्यला. प्रभू, दुपारी त्या पोरीनं ताक आणून देल्लं, तिचं भलं कर." तक्रार, कबुली, उपकार, सगळं एका दमात. तिचं लपवलेलं असं काही नव्हतंच. देवापासून नाही, सुनेपासून नाही, आणि मला वाटतं दावणीच्या बकरीपासूनही नाही. त्या गल्लीत सगळ्यात मोकळं हसू तिचंच होतं. आणि मयतीत सगळ्यात आधी रडायला लागायची तीही तीच.

तेव्हापासून माझं एक मत बनत गेलं, ते आज पक्कं आहे. आनंदाला दुःखापेक्षा लपवाछपवी जास्त मारते.

हे मी मनानं बनवलेलं नाही. योहानाचं पहिलं पत्र काढा. आपला आनंद पूर्ण व्हावा म्हणून हे लिहितो, असं तो चौथ्याच वचनात म्हणतो. मग तो आनंदी राहण्याच्या युक्त्या सांगेल असं वाटतं. तो बोलायला लागतो उजेडाबद्दल. उजेडात चाललो तर एकमेकांशी सहभागिता राहते, आपल्यात पाप नाही म्हटलं तर आपण स्वतःलाच फसवतो. ३२ व्या स्तोत्रात दावीदही तेच सांगतो. मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, अंगातला ओलावा उन्हाळ्यात आटतो तसा आटला. हे विदर्भातल्या माणसाला फोड करून सांगावं लागत नाही. मे महिन्यातली विहीर आपण सगळ्यांनी वाकून पाहिलेली आहे.

आता माझं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल यांचाही पगार झालेला दिसतो.

थोरल्या मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी मी एका माणसाकडून व्याजानं पैसे उचलले. शेकडा पाच, महिन्याला. बायकोला सांगितलं नाही. मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता, पाळकानं सावकाराच्या दारात जायचं म्हणजे काय. अशी दोन वर्षं गेली. दर रविवारी मी लोकांकडून आनंदाची गायनं म्हणवून घ्यायचो आणि फोन वाजला की पोटात गोळा यायचा. प्रार्थना कोरडी ठाक. मला वाटलं सैतानाचा हल्ला आहे, म्हणून उपास धरले. उपासानं वजन उतरलं, व्याज नाही. एका रात्री भाकरी थापता थापता बायकोनंच विचारलं, "किती राह्यले त्या माणसाचे?"

तिला वर्षभर आधीच कळलं होतं. मी म्हटलं, "मंग बोलली काहून नाही?"

"तुम्ही कवा सांगता ते पाहून राह्यली होती."

त्या रात्री कर्ज एका रुपयानंही कमी झालं नाही. फेडायला पुढे तीन वर्षं लागली, त्यात तिची पोत गेली, ती अजून आलेली नाही. पण त्या रात्री आम्ही दोघं चुलीपुढं बसून जेवलो, ती मला टोमण्यावर टोमणे मारत होती आणि मी हसत होतो. किती दिवसांनी हसतोय हे मलाच आठवेना. जेवण झाल्यावर प्रार्थनेला बसलो तर शब्द आले. दोन वर्षं मी देवाकडे आनंद मागत होतो आणि ज्या दारातून तो यायचा त्या दाराला मीच आतून कडी घातली होती.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे. तुम्ही ती अगदी जाता जाता लिहिली आहे: 'एका गटाच्या कर्जाचं यजमानांना माहीत नाही.' ताई, मला वाटतं तुमचा सोमवार तिथे अडकलाय. गटाच्या कर्जाची रीत मला ठाऊक आहे. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायांवर येतो, म्हणून पैशाच्या भीतीपेक्षा चारचौघींत मान खाली जाण्याची भीती मोठी होते. ते ओझं रविवारच्या गाण्यानं उतरणार नाही. गाण्यानं फक्त दोन तास विसर पडतो.

म्हणून माझा पहिला सल्ला वहीचा आहे. येत्या रविवारी दुपारचं जेवण झालं, पोरं खेळायला गेली, की यजमानांजवळ बसा. रात्री नको, ते वावरातून थकून आले असताना नको, भांडणाच्या शेपटीला तर मुळीच नको. एका कागदावर सगळं उतरवा. बँकेचं पीककर्ज, कृषी केंद्राची उधारी, गट, भावाकडचे हातउसने, आणि ते यजमानांना माहीत नसलेलं. त्यांचंही एखादं तुम्हाला माहीत नसलेलं निघेल. माझ्या अनुभवात दहातल्या सात घरांत निघतं. सुरुवात करण्याआधी दोघांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणा. आपल्या जुन्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात तिच्यात 'आमची ऋणे आम्हांस सोड' असं आहे. पापाला ऋण म्हटलंय. ज्याच्या घरात कर्जाची वही आहे त्याची जीभ या ओळीवर अडखळते, माझी अडखळायची. पण रोजची भाकर आणि ऋण एकापाठोपाठ एक मागायला शिकवणारा येशू आपल्या वहीला पाहून तोंड फिरवत नाही, एवढं मला कळलंय.

त्यात कोणी बिनपरवाना सावकार निघाला तर घाबरून गप्प बसू नका. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. तालुक्याच्या सहकारी संस्था सहाय्यक निबंधकाच्या कार्यालयात तक्रार देता येते. आनंदाचा प्रश्न विचारला आणि पाळक निबंधकाकडे पाठवतो, असं तुम्हाला वाटेल. याकोबाच्या पत्रात लिहिलंय, उघड्या-उपाशी माणसाला 'सुखानं जा, ऊब घे, पोटभर जेव' असं नुसतं म्हटलं तर त्याचा काय उपयोग? मी बरीच वर्षं नुसतं म्हणत होतो.

दुसरं, रडण्याला घरात आणि प्रार्थनेत जागा ठेवा. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी एक पणतीसुद्धा लावलेली नाही. तरी ते शास्त्रात आहे. आपण मात्र प्रार्थना सभेत साक्ष द्यायला उभं राहिलो की सगळं कुशल-मंगल सांगतो.

हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक तीनच अध्यायांचं आहे, बसल्या बैठकीत वाचून होतं. सुरुवातच तक्रारीची, परमेश्वरा, मी किती वेळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस? शेवटाकडे तो मोजतो. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतून बुडालं, शेतात दाणा नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात बैल नाहीत. तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन.

२०१७ साल तुम्हाला आठवत असेल. त्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी आणि मजूर दगावले, आणि मागाहून गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली. त्या हिवाळ्यात एका रविवारी मी हबक्कूक काढला. लोकांना म्हटलं, अंजीर-जैतून आपल्याकडे नाही, तुम्ही आपापलं घाला. एक जण म्हणाला, पऱ्हाटीला बोंड आहे, पण कापूस नाही. एक बाई म्हणाली, तुरीवर धुवारी आली. एक म्हणाला, बैलजोडी विकली. मागून एक बाई हळूच म्हणाली, घरचा माणूस नाही. मग 'तरी' हा शब्द आला आणि सगळे थांबले. पुढचं कोणाच्या तोंडून निघेना. मी ढकललं नाही. आम्ही त्या दिवशी 'तरी'वरच उपासना संपवली, शेवटचं गायनही घेतलं नाही. पुढच्या रविवारी एक म्हातारबाबा काठी टेकत उठले आणि उरलेलं वचन म्हणाले. आमच्या मंडळीला त्या एका शब्दाला एक आठवडा लागला. तुम्हाला एक वर्ष लागलं तर देव घड्याळ लावून बसलेला नाही.

आता रोजचं. त्या आजीसारखं दिवेलागणीला दहा मिनिटं बसा. काय खुपलं, कुठे चुकलं, काय मिळालं, एवढं प्रभूला सांगा. मोठ्यानं सांगितलं तर बरं, मुलांच्या कानावर पडू द्या. उपकार मानताना मात्र मोघम बोलू नका. 'सगळ्यासाठी उपकार' म्हटलं की त्यात काहीच येत नाही. आज नळाला वेळेवर पाणी आलं, अंबाडीची भाजी सासूबाईंना आवडली, धाकट्यानं अभ्यास न सांगता केला, असं एकेक बोट ठेवून सांगा. पऱ्हाटीची बोंडं एकदम कुठे फुटतात? पहिली वेचणी, दुसरी, तिसरी, जेवढी फुटली तेवढी आज वेचायची. आणि बोंडअळीबद्दल देवाचे आभार माना असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, असं थेस्सलनीकाकरांस लिहिलंय. स्थिती वाईट आहे हे कबूल करूनच ते करायचं असतं.

गात जा. हे तुम्हाला सांगायला नको, पण रविवारीच का? पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले, मध्यरात्री गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. पुढे ज्या मंडळीला 'आनंद करा' लिहिलं ती याच गावची. त्याच रात्री पौल आणि सीला तिथल्या तुरुंगाधिकाऱ्याच्या घरी जेवले होते, म्हणून पत्रातलं वाक्य त्या मंडळीला कोरडं वाटलं नसणार. आपल्याकडे नारायण वामन टिळकांचे उपकार आहेत. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला, आणि त्यांनी ख्रिस्ताला आपल्या अभंगात, भजनात बसवलं. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. आमच्या मंडळीत पेटीपेक्षा खंजिरी जास्त वाजते. तुकडोजी महाराजांमुळे ती इकडे घराघरात पोचली, आम्हीही उचलली. निंदायला जाणाऱ्या बायांच्या रांगेत एखादं भजन सुरू झालं तर ते कोणाचं आहे हे कोणी विचारत नाही, सगळ्याच धरतात.

विसाव्याचं विचाराल तर तिथे माझं मत थोडं बदललेलं आहे. वेचणीच्या दिवसांत रविवारची मजुरी बुडवा, असं मी आधी ठासून सांगायचो. आता आमची उपासना त्या दिवसांत पहाटेच घेतो, म्हणजे ज्यांना जायचं त्यांना जाता येतं. पण आठवड्यात अर्धा दिवस तरी अंग टाकायला हवं. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या आज्ञेत बैलाचं नाव आहे, दास-दासींचं आहे. आपण पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतो आणि त्याला सांगतो, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बैलाला एवढ्या मानानं बोलावणारा माणूस घरच्या बाईला 'बस थोडी' असं वर्षातून किती वेळा म्हणतो, हे मी एकदा पुरुषांच्या सभेत विचारलं होतं. कोणी वर बघेना.

चंगाई सभांबद्दलही, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या सभांबद्दल, तुम्ही विचारलंय. जायला हरकत नाही. पण तिथे मिळतो तो बहुधा गर्दीचा आणि स्पीकरचा उत्साह. विश्वास ठेवला की कर्ज फिटेल, पीक दुप्पट येईल, असं कोणी व्यासपीठावरून सांगू लागला तर उठून घरी या.

एक गोष्ट जरा थांबून वाचा. तुम्ही लिहिलंय की कधी कधी पहाटे तीनला जाग येते आणि मग झोप लागत नाही, जेवण नकोसं होतं. हे आठवड्यातून एखाद्या वेळी असेल तर काळजीचं काही नाही. दोन-दोन आठवडे रोज असेल, कशातच मन लागत नसेल, मेलेलं बरं असं मनात येत असेल, तर तो विश्वासाचा प्रश्न समजू नका. तो आजार आहे, मलेरियासारखाच. एलीया संदेष्ट्यानं कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय पाहिला आणि लगेच रानात झुडपाखाली पडून मरण मागितलं. देवानं त्याला उपदेश केला नाही. देवदूतानं भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून पुन्हा भाकर दिली. बोलणं फार नंतर झालं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, तिथे जा. १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, रात्री-बेरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी माझ्या मंडळीतल्या लोकांना हा नंबर देतो आणि गोळ्या सुरू असलेल्यांसाठी गोळ्यांसकट प्रार्थना करतो. आणि यजमानांना सांगून फवारणीचे डबे घरातून काढा. वावरातल्या कोठीत कुलपात राहू द्या, किल्ली शेजाऱ्याकडे दिली तरी चालेल. हे मी प्रत्येक घरी सांगतो, तुमच्यापुरतं नाही. मी ज्या मयती केल्या त्यातल्या काही, डबा हाताशी नसता तर झाल्या नसत्या.

वहीचं बोलणं झालं की कळवा. यजमान चिडले तरी कळवा, मी आणि पाळकीणबाई एका संध्याकाळी येऊन बसतो, जेवायला काही करू नका.

आणि सोमवारी हप्त्याची बाई येईल. लूकच्या १९ व्या अध्यायात जक्कय आहे, तोही वसुलीवालाच, गावात त्याचं तोंड कोणी बघत नसे. येशू त्याच्या घरी उतरला, आणि त्यानं आनंदानं स्वागत केलं असं तिथे लिहिलंय. तुमच्या दारात येणाऱ्या त्या पोरीलाही वरून आकडा दिलेला असतो, उन्हातान्हात गाडीवर पाच गावं फिरते. हप्ता पूर्ण नसेल तर तसं सरळ सांगा. मग तिला ओट्यावर बसायला सांगा, पाणी द्या, आणि सकाळी काही खाऊन निघाली का ते विचारा.